रुजू होणे आणि रुजणे : नव्या अध्यापकांच्या स्वागताविषयी



शैक्षणिक वर्ष सुरू झाले की आपल्या मराठी वाङ्मय मंडळाकडे एक काम हमखास येते. ऑफिसातून निरोप येतो, "या वर्षी नवे स्टाफ आलेत, स्वागताचे चार शब्द मंडळानं लिहायचे." मग कुणीतरी गेल्या वर्षीचा कागद शोधून काढतो, नावे बदलतो आणि भाषण तयार होते. 'ज्ञानाचा अथांग सागर', 'उच्चविद्याविभूषित', 'शब्दसुमनांनी स्वागत' हे शब्द दरवर्षी तेच असतात. ज्यांचे स्वागत होते ती माणसे मात्र दरवर्षी वेगळी असतात. या लेखात मला त्या चार शब्दांचा थोडा अभ्यास तुमच्याबरोबर करायचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही.

शब्दांपासून सुरुवात

'स्वागत' या शब्दाची फोड सु + आगत अशी आहे. उ पुढे आ आला की उ चा व् होतो आणि 'स्वा' तयार होतो. मनु + अंतर = मन्वंतर, सु + अल्प = स्वल्प, ही त्याच संधीची उदाहरणे. आगत म्हणजे आलेला, सु म्हणजे चांगला. तुमचे येणे चांगले झाले, एवढाच त्याचा अर्थ. आता दारावरच्या कमानीकडे बघा. तिथे आपण 'सुस्वागतम्' लिहितो. म्हणजे 'सु' दोनदा आला. लोकांच्या तोंडी तो शब्द बसला आहे, त्यावरून कुणाशी भांडायला जाऊ नका. पण भाषणात साधे 'स्वागत' पुरते, हे लक्षात ठेवा.

दुसरा शब्द 'रुजू होणे'. नवे अध्यापक 'रुजू झाले' असे आपण म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी. दरबारी आणि कचेरीच्या भाषेतून तो मराठीत आला आणि हजर होणे, कामावर दाखल होणे या अर्थाने राहिला. त्याच्याशी आवाजाने जुळणारा पण कुळाने वेगळा शब्द म्हणजे 'रुजणे'. तो शेतातला. खानापूर आणि चंदगडकडच्या मुलांना हे मी समजावून सांगायला नको. भाताचा तरवा उपटून चिखलात लावला की पहिले काही दिवस तो पिवळा पडतो, मान टाकतो. मग जमीन धरतो आणि उभा राहतो. कागदावर सही केली की माणूस रुजू होतो. रुजायला त्याला काही महिने लागतात, कधी पुरे वर्ष लागते. आपले भाषण पहिल्या दिवशी असते, पण त्याचा उपयोग व्हायचा तर तो दुसऱ्या कामासाठी व्हायला हवा.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. ऑफिसातून मी नियुक्तिपत्रांवरून यादी करून घेतली. दोन नावे होती. प्रार्थनागीत झाले, समई लागली, प्राचार्य फादरांनी दोघांना रोप दिले, आपल्या मंडळाच्या विद्यार्थिनीने छान भाषण केले. मी समाधानाने खाली उतरलो. तेवढ्यात बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने मला जिन्यात गाठले.

"सर, आमच्या मॅडमचं नाव कसं घेतलं नाही?"

"कोण मॅडम?"

"काव्यशास्त्राच्या. तीन आठवडे झाले, रोज तास घेतात. तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या."

त्या मॅडम अतिथी अध्यापक होत्या. त्यांचे नियुक्तिपत्र वेगळ्या फायलीत होते, म्हणून यादीत नाव नव्हते. माझ्याच विभागात त्या शिकवत होत्या. मला त्यांचे नाव, गाव, विषय सगळे माहीत होते, तरी यादी हातात आल्यावर मला ते सुचले नाही. मी लगेच स्टाफरूममध्ये गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे सर. मला तासाला जायचं आहे," आणि हजेरीपट उचलून गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पुढच्या वर्षीपासून मी एक बदल केला. स्वागताची यादी नियुक्तिपत्रांवरून करायची नाही, वेळापत्रकावरून करायची. ज्याचे नाव वेळापत्रकात नव्याने आले आहे, त्याचे स्वागत होईल. कायम, कंत्राटी, अतिथी हा हिशेब पगाराच्या कागदावर असतो. वर्गात बसलेल्या मुलाला तो दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही.

'अतिथी' कोण?

इथे आणखी दोन शब्द पाहू. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी परंपरेने सांगितलेली फोड आहे. आपला अतिथी अध्यापक मात्र तिथी सोडाच, घड्याळाच्या तासाला बांधलेला असतो. आपल्या सीमाभागात या पदाचे कन्नड नाव तुम्ही फलकावर वाचता: 'अतिथी उपन्यासक'. हिंदी वाचणाऱ्या मुलाला वाटते की हे कादंबरीकार असावेत! उपन्यास म्हणजे मुळात पुढे मांडणे. कन्नडने त्यातून व्याख्यानाचा अर्थ घेतला, हिंदीने कादंबरीचा. कादंबरीला मात्र मराठी आणि कन्नड दोन्हीकडे 'कादंबरी'च म्हणतात. दोन भाषांच्या कुंपणावर राहण्याचा हा फायदा, शब्दांची नाती फुकटात कळतात.

गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुकांबद्दल स्पष्ट म्हटले आहे: अगदी गरज असेल तरच अशा नेमणुका कराव्यात, त्यांची संख्या एकूण अध्यापक-जागांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावी, आणि पात्रता व निवडीची पद्धत कायम अध्यापकांसारखीच असावी. म्हणजे नियमाच्या दृष्टीनेसुद्धा हे अध्यापक कमी शिकलेले किंवा दुय्यम नाहीत. जागा भरणे न भरणे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण माणूस समोर असताना त्याचे नाव घेणे आपल्या हातात आहे.

नाव आणि पद

स्वागताच्या भाषणात सगळ्यात जास्त चुका नावात होतात. आपल्याला नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव अशा तीन खणांची सवय आहे. दक्षिण कर्नाटकातून किंवा केरळातून आलेल्या अनेकांना आपल्या अर्थाने आडनाव नसते. नावाच्या पुढे-मागे असलेले अक्षर गावाचे, घराण्याचे किंवा वडिलांच्या नावाचे असते. अशा वेळी "पण सर, आडनाव काय लिहू?" असा हट्ट धरू नका. कागदावर ओढूनताणून आडनाव तयार करू नका. आदल्या दिवशी त्यांना भेटा, "मॅडम, तुमचं नाव कसं उच्चारायचं?" असे विचारा आणि ते देवनागरीत लिहून त्यांच्यासमोर दोनदा वाचा. यात कमीपणा काहीच नाही. चुकीचे नाव माईकवरून ऐकणे मात्र फार टोचते.

पदांचेही तसेच. पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशा पायऱ्या होत्या. २०१०च्या नियमावलीपासून सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी नावे रूढ झाली. पीएच.डी. झालेली असेल तर 'डॉ.' लिहायचे, नसेल तर लिहायचे नाही. मोठेपणा देण्यासाठी खोटी पदवी चिकटवली तर समोरच्याला उठून ती नाकारावी लागते किंवा गप्प बसून सोसावी लागते.

एक नमुना

आता आपल्या नेहमीच्या कागदातले वाक्य घ्या:

"ज्ञानाचा अथांग सागर, उच्चविद्याविभूषित, प्रसन्न व्यक्तिमत्त्वाच्या धनी असलेल्या अमुक मॅडम यांचे मी शब्दसुमनांनी हार्दिक स्वागत करते."

या वाक्यातून मॅडमबद्दल काय कळले? काहीच नाही. नाव काढून दुसऱ्या कुणाचेही घातले तरी वाक्य तसेच चालेल. ही कसोटी लक्षात ठेवा: नाव बदलूनही जे वाक्य चालते, ते त्या माणसाचे स्वागत नव्हे. आता हे पाहा:

"अमुक मॅडम मंगळूरहून आल्या आहेत. त्या आपल्याला रसायनशास्त्र शिकवतील. त्यांची घरची भाषा तुळू. कन्नड आणि इंग्रजी त्या बोलतात, मराठी शिकत आहेत. आपण मराठीत बोललेलं त्यांना कळलं नाही तर त्या विचारतील, तेव्हा आपण हसायचं नाही, पुन्हा सांगायचं. मॅडम, प्रयोगशाळेच्या चाव्या कुठे असतात ते आमची वर्गप्रतिनिधी आज तुम्हाला दाखवेल. तुम्ही आलात, बरं झालं."

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. 'स्वागत' या शब्दाचा नेमका अर्थ तोच आहे.

कार्यक्रमानंतर

रोप दिले, टाळ्या झाल्या. मग? २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. त्याशिवाय तयारी, तपासणी, परीक्षेची कामे. नव्या अध्यापकांसाठी प्रशिक्षणाची सोय देशभर आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली, २०१९मध्ये आयोगाने 'गुरु-दक्षता' ही महिनाभराच्या कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली, आणि २०२३पासून ही केंद्रे मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. तिथे अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन, नियम हे सगळे शिकवतात. पण आपल्या कॉलेजचे काही धडे तिथे मिळत नाहीत. ते आपणच द्यायचे.

उदाहरणार्थ, पहिल्या तासाला चंदगड-खानापूरकडची मुले उशिरा पोचतात ती बसमुळे. नव्या सरांना हे कुणी सांगितले नाही तर ते मुलांना बेफिकीर समजतात. रोपलागणीच्या दिवसांत हजेरी कमी होते, कारण घरी माणसे लागतात. आपल्या वर्गात घरी मराठी, कोकणी, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात, त्यामुळे एखादी व्याख्या दोन भाषांत सांगितली तर सगळ्यांना उलगडते. पत्र्याच्या वर्गात पावसाचा आवाज सुरू झाला की मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नाही. गेल्या वर्षी अभ्यासक्रम कुठे थांबला, कुठले प्रकरण आम्हाला कळले नाही, हे तुमच्याशिवाय दुसरे कोण सांगणार?

मी स्वतः इथे आलो तेव्हा माझ्या भाषणात कोणते शब्द होते, आज एकही आठवत नाही. आठवतो तो एक शिपाईमामा. कार्यक्रम संपल्यावर तो मला म्हणाला, "सर, या रूमला पंखा नाही, खडू मात्र इथल्याच कपाटात असतात. किल्ली माझ्याकडे. हाक मारा." मला वाटते, माझे स्वागत त्याने केले.

त्या काव्यशास्त्राच्या मॅडम आपल्याकडे दोन वर्षे होत्या. मग त्यांची मुदत संपली. अशा नेमणुकांना निरोपसमारंभही नसतो, मुदत संपते आणि माणूस यायचा थांबतो. त्या वर्षी मुलांनी शेवटच्या तासाला फळ्यावर त्यांचे नाव अचूक लिहिले होते, पदवीसकट. ते मुलांना कुणी सांगितले नव्हते. मी दारातून पाहिले आणि आत गेलो नाही. तो तास त्यांचा होता.

स्वाध्याय

१. या वर्षीचे वेळापत्रक घ्या. त्यात नव्याने आलेली सगळी नावे लिहा. ऑफिसच्या यादीशी ताडून पाहा. फरक असेल तर मंडळाच्या बैठकीत सांगा.

२. एका नव्या अध्यापकांना भेटून त्यांच्या नावाचा उच्चार, गाव, विषय आणि भाषा विचारा. त्यावर सहा वाक्यांचे स्वागत लिहा. एकही विशेषण वापरू नका.

३. 'आपल्या वर्गाविषयी नव्या शिक्षकांना माहीत असावे असे काही' या विषयावर प्रत्येकाने एक वाक्य लिहा. चांगली दहा वाक्ये निवडून, स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहून, रोपाबरोबर द्या.

रोपाला पाणी घालायची पाळी कुणाची, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.