तुमचं गाव कोणतं?

मुंबईच्या मशीद बंदर भागातला यहुदी इतिहास पायी बघायचा, असं ठरवून मी पाच-सहा वेळा तिथे गेले. त्या खेपांमधून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. नकाशा उघडण्याआधी नावं कानांनी ऐकावीत. मस्जिद स्टेशनचं नाव तिथल्या एका सिनेगॉगवरून पडलं, असं कित्येक वर्षं सांगितलं जातं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी बोलणारे यहुदी, आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’च म्हणत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळणारा शब्द त्यांनी घेतला, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. १७९६ साली बांधलेली ती जुनी मशीद आणि नंतर जवळच झालेली ती नवी मशीद. पुण्यात डेव्हिड ससूनने बांधलेल्या लाल विटांच्या सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. शहर बदललं की मशिदीचं देऊळ होतं, आणि दोन्ही शब्दांत आपलेपणा तेवढाच असतो.

२. शनिवारी जाऊ नये. ही चूक मी पहिल्याच खेपेला केली. तीही गळ्यात कॅमेरा अडकवून. कोकणात बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यावरून त्यांना शनवार तेली म्हणत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. शब्द पाठ होता, पण त्यातला शनिवार माझ्या ध्यानातच आला नव्हता. सिनेगॉगच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “आज प्रार्थना आहे, ताई. उद्या या.” मला मनापासून लाज वाटली. आणखी एक, आधी फोन करून परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर दारावर जी चौकशी होते तिचा राग मानू नये.

३. एका माणसाची गोष्ट धरून चालावं म्हणजे रस्ता लक्षात राहतो. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे सॅम्युअल इझिकेल दिवेकर. लोक त्याला सामाजी हसाजी म्हणत. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. परंपरेने सांगतात ते असं: कैद्यांना जात विचारली तेव्हा त्याने ‘बेने इस्राएल’ असं उत्तर दिलं. कुराणात आलेलं हे नाव टिपूच्या आईच्या कानांवर पडलं आणि तिने त्याच्या जिवाची रदबदली केली. सुटून मुंबईला आल्यावर त्याने उपकाराची फेड म्हणून शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. वर सांगितलेली जुनी मशीद ती हीच. तिचं नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. १८६० साली ती आजच्या जागी आली. सॅम्युअल स्ट्रीट हे नाव याच दिवेकरांचं. त्या रस्त्यावर पाठीवर गोणी घेतलेले हमाल, हातगाड्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढताना मला दर खेपेला वाटतं, ज्याच्या नावाने हे सगळं चाललं आहे त्याची एवढी गोष्ट तरी कुणीतरी इथे मोठ्याने सांगायला हवी.

४. दाराच्या चौकटी बघाव्यात. यहुदी घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला, एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात. आत चामड्यावर लिहिलेली हिब्रू वचनं गुंडाळून ठेवलेली असतात. सिनेगॉगच्या दारातून आत जाताना त्या गृहस्थांचा हात आपसूक वर गेला, बोटं डबीला लागली, मग ओठांना. बोलणं मध्ये थांबलंसुद्धा नाही. तेवढ्या भागावरचा रंग उडून खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. जवळच्या इस्राएल मोहल्ल्यातली घरं आता बहुतेक गोदामं झाली आहेत. तिथल्या एका जुन्या चौकटीवर ऑइलपेंटच्या थरांखाली मला खिळ्यांची दोन भोकं दिसली, एक जरा वर, एक जरा खाली, अगदी त्याच तिरक्या रेघेत. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. गोदामाच्या मालकांनी चहा विचारला.

५. सगळे यहुदी एकाच खात्यात टाकू नयेत. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८६४ सालचं, घड्याळाच्या उंच मनोऱ्याचं. ते बगदादी यहुद्यांचं. ससून घराणं त्यांच्यातलंच. ते अरबी बोलत आले आणि पुढे इंग्रजीकडे वळले. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांपासून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी फटकून राहणं पसंत केलं, आणि हा सल जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. भायखळ्याची इमारत सुंदर आहे, जरूर बघावी. पण माझं मन मशीद बंदरातच रमतं.

६. आडनाव हा सर्वांत चांगला शिलालेख. किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, झिराड. आडनावं वाचत गेलं की अलिबाग-पेणचा नकाशाच उलगडतो. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं हा समाज मानतो. गावं सोडून ते मुंबईला आले ते पलटणीत, सुतारकामात, कचेरीत. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा हॉस्पिटलमध्ये बायकांच्या आरोग्यासाठी आयुष्य घालवलं, त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. वरळीहून जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग मुंबईचे महापौर झालेल्या बेने इस्राएल डॉक्टरांचा. टॅक्सीत रोज हे नाव घेणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल?

७. दफनभूमीत घाई करू नये. एकाच दगडावर वर हिब्रू, खाली देवनागरी. बाईच्या नावापुढे ‘बाई’ लावलेलं, सारा असो की रिबका. वर भेटीला येणाऱ्यांनी ठेवलेले खडे. ते हलवू नयेत.

८. प्रश्न विचारायला जावं, पण आपल्याला विचारलेल्या प्रश्नालाही तयार असावं. रविवारी परत गेले तेव्हा त्या गृहस्थांनी माझं नाव विचारलंच नाही. विचारलं, “तुमचं गाव कोणतं?” मी म्हटलं, “पोयनाड.” तर ते खुर्चीतून पुढे झुकले. “अहो, आमचं पेझारी! मग शेजारीच की.” पोयनाड आणि पेझारी एकमेकांना लागून आहेत. माझी वही मिटली ती दोन तास उघडली नाही. नाका, भातखाचरं, आगरी बायकांची मासळी, एसटीची वाट बघणं. १९४८ नंतर त्यांचे चुलते, आत्या, पुढे भावंडंसुद्धा इस्राएलला गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस देशात वीसेक हजार बेने इस्राएल होते, आता पाच हजारांच्याही आत. “तिकडे अजून मराठी बोलतात का, काका?” असं मी विचारलं. “भांडताना तर मराठीच,” ते म्हणाले. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

९. खाण्याचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नये. नवस फेडताना, लग्नाआधी, प्रेषित एलियाहूच्या, म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या, नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत ताटात फळं. पहिला घास तोंडात घातला आणि मला आमच्याच माजघरात बसल्यासारखं वाटलं. काका मात्र ताटाकडे बघून नाराज होते. इथल्या वाण्याकडचे पोहे पाणी लागलं की लगदा होतात, म्हणाले. गावाकडचे जाड पोहे पाहिजेत. “पुढच्या वेळी येताना आणाल का, ताई?”

मी दोन किलो घेऊन गेले. रविवारी.