अधिकार आधी मागून घ्यावा



प्रोजेक्ट मॅनेजरवर जबाबदारी नेमणुकीच्या दिवशीच येते. अधिकार मात्र मागून घ्यावा लागतो, तोही काम सुरू होण्याआधी आणि लेखी. किती रकमेपर्यंतचा खर्च त्याच्या सहीने होईल, क्लायंटने मध्येच वाढवून मागितलेल्या कामाला होकार किंवा नकार कोण देणार, माणसे कोणाचे ऐकणार, हे कागदावर असले पाहिजे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. बहुतेक कंपन्यांत माणसे इतर विभागांकडून उसनी आलेली असतात आणि त्यांची बढती-पगारवाढ विभागप्रमुखाच्या हाती असते. निदान रोजच्या कामाचा क्रम ठरवण्याचा हक्क तरी त्या प्रमुखाशी बोलून पक्का करावा. तो हक्क नसेल तर मॅनेजर फक्त आठवण करून देणारा माणूस उरतो.

दिल्ली मेट्रोचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ती उभारणाऱ्या महामंडळात केंद्र आणि दिल्ली सरकार यांचा वाटा निम्मा-निम्मा, म्हणजे दोन मालक. कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन १९९७ मध्ये तिथे व्यवस्थापकीय संचालक झाले. माणसे निवडणे आणि निविदांवर निर्णय घेणे महामंडळातच होईल, याचा त्यांनी आग्रह धरला. फाइल मंत्रालयात अडकली नाही, म्हणून मुदतीचा जाब कंत्राटदारांना विचारता आला. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा मार्गाचा पहिला भाग सुरू झाला.

याच प्रकल्पाने जबाबदारीची बाजूही दाखवली. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे बांधकाम चालू असलेला पूल कोसळून माणसे मेली. बांधकाम कंत्राटदाराकडे होते, तरीही श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. काम दुसऱ्याला वाटून देता येते, जबाबदारी नाही. सुरक्षेबाबत शंका असेल तर काम थांबवण्याचा अधिकार मॅनेजरला असावाच, आणि मुदत चुकली तरी तो वापरण्याची तयारीही असावी.

रोजच्या कामात मुख्य कर्तव्य म्हणजे वाईट बातमी लवकर सांगणे. दोन आठवड्यांचा उशीर दिसू लागताच वरिष्ठांना कळवला, तर माणसे वाढवता येतात किंवा काही भाग पुढे ढकलता येतो. शेवटच्या आठवड्यात कळवला, तर फक्त चौकशी होते. तोंडी मान्य केलेला बदल त्याच दिवशी ईमेलने कळवून त्याचा खर्च आणि लागणारे दिवस लिहावेत. हिशेब आणि इतिवृत्त यांचा कंटाळा परवडत नाही.

हस्तांतरणाने काम संपत नाही. कंत्राटदारांची अंतिम बिले, राहिलेल्या त्रुटींची यादी, नकाशे आणि हमीपत्रे ताब्यात देणे, दोषदुरुस्तीच्या मुदतीत कोणाला फोन करायचा हे ठरवणे, एवढे होईपर्यंत प्रकल्प मॅनेजरच्याच नावावर असतो.