गेम खेळणारा की गेम घडवणारा?

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत हा वाद हमखास होतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला गेम डेव्हलपर व्हायचंय’ आणि आईवडिलांना वाटतं, खेळत बसायला आणखी एक निमित्त मिळालं. हा वाद भांडून सुटत नाही. मुलांना एक छोटा गेम पूर्ण करायला लावा, उत्तर आपोआप मिळेल.

त्यासाठी एक चांगला विषय सुचवतो : भुयारांचा गेम. एका खेळाडूने भिंती, दारं, किल्ल्या आणि सापळे मांडून भुयार रचायचं, दुसऱ्याने त्यात शिरून खजिना गाठायचा. खेळाडूंनाच रचनाकार बनवणारे गेम लोकांना आवडतात, हे निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ मेकर’ने 2015 मध्ये दाखवून दिलं. जेसन रोहररच्या ‘द कॅसल डॉक्ट्रिन’मध्ये (2014) तर खेळाडू स्वतःच्या घरात सापळे लावतात आणि इतरांची घरं लुटायला जातात. आपण रचलेली लेव्हल आधी स्वतः पार करून दाखवायची, हा नियम दोन्हींत आहे.

खरं काम इथे आहे

वीस बाय वीस चौकटींचं भुयार घ्या. रिकाम्या चौकटीला 0, भिंतीला 1, दाराला 2, किल्लीला 3, सापळ्याला 4 आणि असेच प्रवेशद्वाराला व खजिन्यालाही आकडे दिले की अख्खं भुयार 400 आकड्यांत साठवता येतं. आता प्रश्न येतो : हे भुयार सुटतं का? प्रवेशद्वारापासून शेजारच्या मोकळ्या चौकटींत सरकत खजिन्यापर्यंत वाट आहे का, हे संगणक तपासू शकतो. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला शिकवतात तो ब्रेड्थ फर्स्ट सर्च इथे कामी येतो. पण एखाद्याने दाराची किल्ली त्याच दाराच्या आत ठेवली तर? मग नुसती जागा लक्षात ठेवून भागत नाही. खेळाडूच्या हातात कोणती किल्ली आहे, याचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि वेळ साधून चुकवायचे बाण असतील, तर वाट असूनही माणसाला ती पार होईलच असं नाही. म्हणूनच ‘आधी स्वतः पार करा’ हा नियम लागतो.

हा प्रश्न सोडवताना ज्या मुलाला जेवणाची आठवण राहत नाही, त्याला घडवण्याची ओढ आहे, असं खुशाल समजा. तीन दिवसांत कंटाळून जो पुन्हा खेळायला बसतो, त्याला गेम आवडतात, इतकंच. त्यात गैर काही नाही, पण तो करिअरचा पाया होत नाही.

पुढची परीक्षा याहून अवघड आहे. मित्राला गेम खेळायला द्यायचा आणि मागे गप्प उभं राहायचं. तो कुठे अडतो, काय चुकीचं समजतो, हे वहीत टिपायचं आणि गेम सुधारायचा. दुसऱ्याच्या नजरेने आपलं काम पाहण्याची ही सवय कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडते.

खर्च आणि वास्तव

गोडो हे गेम इंजिन आणि ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. लहान टूडी गेमला घरचा साधा संगणक पुरतो. ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम दुकानावर गेम विकायचा तर प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर भरावे लागतात. सुरुवातीला महागडा कोर्स किंवा गेमिंग पीसी घेण्याची गरज नाही.

मात्र लवकर पैसा मिळेल, या भ्रमात राहू नका. एरिक बरोन यांनी 2016 मध्ये आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गाजलेला गेम एकट्याने बनवला, पण त्यासाठी ते चार वर्षांहून जास्त खपले. इतकं यश फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आपल्याकडेही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम 2020 मध्ये जगभर पोहोचला. तो एका छोट्या चमूच्या चिकाटीचा परिणाम होता.

म्हणून पदवी सोडू नका. प्रोग्रॅमिंगकडे कल असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. चित्रकलेकडे असेल तर डिझाइन. पुढे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. गेमचं जमलं नाही, तरी हे कौशल्य सॉफ्टवेअर, ॲनिमेशन आणि शैक्षणिक ॲपच्या क्षेत्रात चालतं.

आणखी एक गैरसमज दूर करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. गेम बनवण्याच्या व्यवसायाशी त्याची गल्लत करू नका.

पालकहो, या सुट्टीत मुलांना एकच अट घाला : गेम लहान असू दे, पण पूर्ण असू दे. तो झाला की स्वतः खेळून बघा आणि त्यानंतरच होय किंवा नाही ठरवा. आणि मुलांनो, नोकरी देणारा तुम्ही किती तास खेळलात हे विचारत नाही. पूर्ण केलेलं काम दाखवा म्हणतो. आजच कामाला लागा.