रेंज नसलेल्या शिवारात निरोपाची व्यवस्था

परभणी जिल्ह्याचा बराच मोठा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काळ्या, सपाट जमिनीचा आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूस बालाघाटचे डोंगर आहेत. सपाटीवरील मोठ्या गावात मोबाइलची रेंज बहुधा मिळते. परंतु डोंगराआडच्या तांड्यावर, ओढ्याकाठच्या खोलगट शेतात किंवा गावापासून दूरच्या आखाड्यावर ती क्षीण होते, कित्येकदा मुळीच मिळत नाही. अशा आखाड्यावर रात्री पाणी देताना कोणास सर्पदंश झाला, तर खिशात फोन असूनही निरोप जात नाही आणि मोलाचा वेळ माणूस शोधण्यात जातो. हा प्रश्न नवा फोन घेऊन सुटत नाही. निरोप कोठून, केव्हा व कोणी द्यावयाचा, हे आधी ठरविल्यानेच तो बऱ्याच अंशी सुटतो.

रेंज का मिळत नाही?

मोबाइलच्या लहरी मनोऱ्यापासून जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या पलीकडे, उन्हात सावली पडावी तशी, लहरींची सावली पडते. मनोऱ्यापासून अंतर वाढले म्हणजेही त्या क्षीण होतात. म्हणूनच शंभर पावले चालून उंचवट्यावर गेल्यास फोन लागतो आणि परत खाली आल्यावर बंद पडतो.

दुसरे कारण विजेचे आहे. वादळात वीजपुरवठा खंडित झाल्यास मनोरा बॅटरीवर किंवा जनित्रावर काही तास चालतो, नंतर थांबतो. सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन नद्या-ओढ्यांना पूर आले व अनेक ठिकाणी रस्ते बंद झाले. अशा दिवसांत निरोपाची निकड सर्वांत अधिक आणि मनोरा बंद पडण्याचा धोकाही सर्वांत अधिक असतो. म्हणून पुढील व्यवस्था एरवी रेंज असणाऱ्या गावांनीही करून ठेवावी.

शिवाराची पाहणी

सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व दोन-चार तरुण शेतकरी यांनी एक दिवस शिवारफेरी काढावी. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले फोन बरोबर घ्यावेत. प्रत्येक वस्तीवर व आखाड्यावर कोणत्या कंपनीची रेंज मिळते, आणि न मिळाल्यास सर्वांत जवळ कोठे मिळते, हे गट क्रमांकासह वहीत लिहावे. नंतर गावाच्या नकाशावर त्या जागा रंगाने दाखवून तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसरीची आहे, असे पुष्कळदा आढळते. अशा ठिकाणी दोन सिमकार्डांच्या फोनमध्ये दुसरे कार्ड त्या कंपनीचे ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.

ठिकाण, वेळ आणि माणूस

१. ठिकाण : पाहणीत आढळलेली जागा सर्वांस माहीत असावी. तेथपर्यंतची वाट रात्री चालण्याजोगी ठेवावी.

२. वेळ : आखाड्यावर राहणाऱ्याने दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी त्या जागी यावे व घरी निरोप द्यावा. ठरलेल्या वेळेनंतर एका तासात निरोप न आल्यास घरच्यांनी माणूस पाठवावा. हा नियम कटाक्षाने पाळला तर फोन न लागणे हीदेखील एक सूचना ठरते.

३. माणूस : प्रत्येक तांड्यासाठी व आखाड्यांच्या समूहासाठी रेंजच्या जागेजवळ राहणारे एक घर नेमावे. त्या घरी मोटारसायकल असल्यास उत्तम. तेथील फोन क्रमांक प्रत्येक आखाड्यावर ठळक अक्षरात लिहून लावावा.

ज्यास रेंज नाही त्यास वारंवार फोन करण्यापेक्षा लघुसंदेश पाठवावा. फोन लागला नाही तर तो प्रयत्न वाया जातो; लघुसंदेश मात्र काही काळ कंपनीकडे राखून ठेवला जातो आणि तो माणूस रेंजमध्ये येताच त्यास मिळतो. रेंज नसताना फोन सतत मनोरा शोधत राहतो व त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. म्हणून आखाड्यावर असताना फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावा आणि ठरलेल्या जागी आल्यावरच ती स्थिती काढावी.

ग्रामपंचायतीत इंटरनेट जोडणी व वाय-फाय असल्यास, मोबाइलची रेंज नसतानाही ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असलेल्या फोनवरून बोलता येते. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधीच चालू करून तपासून ठेवावी.

उंच जागा आणि आकाशातील वीज

येथे एक मोठा धोका ध्यानात घेतला पाहिजे. रेंज मिळते ती जागा बहुधा टेकडीचा माथा, उघडा माळ किंवा एकाकी झाडाजवळचा उंचवटा असते. आणि वीजही अशाच ठिकाणी अधिक पडते. मराठवाड्यात मान्सूनपूर्व दिवसांत व परतीच्या पावसात विजेने माणसे व जनावरे दगावतात. मोबाइल फोन वीज ओढून घेतो ही समजूत चुकीची आहे. धोका फोनचा नसून जागेचा आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. ध्वनीस एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी रेंजसाठी उंचवट्यावर जाऊ नये. पक्क्या घरात आश्रय घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे. चार्जरला जोडलेला फोनही त्या वेळी वापरू नये. यासाठी रेंजची दुसरी जागा, शक्य तर पक्क्या इमारतीतील, पाहणीतच शोधून ठेवावी.

हवामानाची सूचना

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. पण इंटरनेट नसेल तेथे ते निरुपयोगी आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. नेमलेल्या घरातील माणसाने तो फलकावर लिहावा आणि विजेची सूचना मिळताच ती आखाड्यांपर्यंत पोचवावी. मंदिराचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा किंवा ठरावीक शिट्टी यांपैकी एक खूण निश्चित करावी व तिचा उपयोग दुसऱ्या कामासाठी करू नये. पूर्वी कोतवालाची दवंडी हेच काम करीत असे.

संकटकाळी

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असल्यास ११२ लागू शकतो; म्हणून पडद्यावर रेंज दिसत नसली तरी प्रयत्न सोडू नये. बोलताना प्रथम तालुका, गाव व गट क्रमांक सांगावा, नंतर काय झाले ते सांगावे. सर्पदंश झालेल्या व्यक्तीस चालवू नये. तिला स्थिर ठेवून निरोपासाठी दुसऱ्याने जावे. यासाठी रात्रीच्या पाण्यास एकट्याने जाणे टाळावे. पिकासंबंधी सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत विचारता येते.

काय टाळावे?

बाजारात मिळणारे रेंज वाढविणारे यंत्र परवानगीशिवाय बसविणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे शेजारच्यांची रेंजही बिघडते. उपग्रह फोनलाही शासनाची परवानगी लागते. वॉकीटॉकी घ्यावयाची झाल्यास परवाना न लागणारी, मान्यताप्राप्त व अल्पशक्तीचीच घ्यावी.

कायमचा उपाय

ही व्यवस्था मनोऱ्याची जागा घेऊ शकत नाही. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० वंचित गावांत ४-जी सेवा पोचविण्याची योजना मंजूर केली. ज्या वस्तीस रेंज नाही तिने ग्रामसभेत ठराव करावा आणि त्यासोबत पाहणीचा नकाशा व लोकसंख्या जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागणी करावी. नुसत्या तक्रारीपेक्षा नकाशासह केलेली मागणी अधिक वजनदार ठरते.

गावकार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी तालीम घ्यावी : सर्वांत दूरच्या आखाड्यावरून निरोप निघाल्यापासून रुग्णवाहिकेस फोन लागेपर्यंत किती मिनिटे गेली, ते घड्याळ लावून मोजावे. तो आकडा वहीत लिहावा आणि पुढील वर्षी तो कमी करावा.