उतारवयातील बहिरेपणा : कारणे व उपचार

वय झाले की ऐकू कमी यायचेच, असे म्हणून आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या बहिरेपणाकडे दुर्लक्ष करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीनंतर २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतका बहिरेपणा असतो. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती आपण करून घेतली पाहिजे.

आपल्या आंतरकर्णात शंखाकृती भाग असतो. त्यातील सुमारे १५,००० केशपेशी ध्वनीची कंपने मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी झिजतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत," ही तक्रार त्यातूनच येते. अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, सावकाश व स्पष्ट बोलावे.

इतर कारणे अशी :

१) गोंगाट : गिरणीच्या साचेखात्यात किंवा छापखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगारांचे कान लवकर निकामी होतात. ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज दीर्घकाळ ऐकणे घातक असते.

२) मधुमेह, रक्तदाब व धूम्रपान.

३) औषधे : स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शने.

४) कानातील मळ किंवा फाटलेला पडदा.

यांपैकी मळ डॉक्टरांकडून काढता येतो व पडदा शस्त्रक्रियेने सांधता येतो. काडी, पिन, गरम तेल मात्र कानात घालू नये. पेशींची झीज भरून येत नसली, तरी श्रवणमापन चाचणी करून योग्य श्रवणयंत्र बसवल्यास संभाषण सुधारते. यंत्राची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तोवर ते पेटीत ठेवून देऊ नये. तीव्र बहिरेपणात कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. ऐकू येणे अचानक बंद झाल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे; उशीर झाल्यास उपचाराचा लाभ कमी होतो.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्य करते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांसाठी मोफत श्रवणयंत्राची तरतूद करण्यात आली.

ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठतो, बोलणे टाळतो आणि घरातच एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आजी-आजोबांना तपासणीस नेण्याचे काम आपण अंगावर घेऊ या.