गाळा घेताय? आधी झोन बघा, आणि सुनावणीची तारीख चुकवू नका



मागच्या व्हिडिओत आपण गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट कसं ठरवायचं ते बघितलं. आज त्याच्याही आधीचा प्रश्न घेऊया. त्या जागेत तुमचा धंदा करायला परवानगी आहे का? आणि ती जागा उद्या जागेवर राहणार आहे का?

समजा, तुम्ही मसाला कांडपासाठी गाळा घेतला. डिपॉझिट दिलं, मशिन बसवलं, गिऱ्हाईक जमलं. आणि एक दिवस कळतं की नव्या विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद होणार आणि निम्मा गाळा त्यात जाणार. मालक म्हणतो, "मला काय माहीत?" सूचना पेपरात आली होती, पण हरकतीची मुदत कधीच संपली. असं तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून आजचा धडा.

पायरी १ : झोन तपासा

मालकाकडून सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घ्या. पालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्यात तीन गोष्टी बघा:

- जागा निवासी, वाणिज्य, औद्योगिक की शेती विभागात आहे?
- तिच्यावर शाळा, बगीचा, पार्किंग असं काही आरक्षण आहे का?
- रस्ता रुंदीकरणाची रेषा जागेतून जाते का?

ग्रामपंचायत हद्दीत असाल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात प्रादेशिक योजना बघा.

पायरी २ : हरकत लेखी द्या

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नवा आराखडा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत साधारण 30 दिवसांची असते. आणि नीट लक्षात ठेवा, हरकत फक्त जागामालकच घेऊ शकतो असं नाही. कोणतीही व्यक्ती घेऊ शकते, म्हणजे तुम्ही भाडेकरू असलात तरी!

"आपल्या एका कागदाने काय होणार?" असं म्हणू नका. मुंबईचा प्रारूप आराखडा 2015 मध्ये आला, त्यातल्या चुकांवर लोकांनी एवढा आवाज उठवला की सरकारने तो नव्याने करायला लावला.

पायरी ३ : सुनावणीला स्वतः जा

ज्यांनी मुदतीत लेखी हरकत दिली, त्यांना नियोजन समितीपुढे बोलायची संधी मिळते. महापालिकेत या समितीवर स्थायी समितीचे 3 सदस्य आणि जास्तीत जास्त 4 जाणकार असतात. रांग मोठी असते, वेळ थोडा मिळतो. म्हणून तयारी अशी करा:

- हरकतीची पोचपावती, भाडेकरार, शॉप ॲक्ट नोंदणी, वीजबिल सोबत ठेवा.
- नकाशावर आपली जागा लाल पेनाने दाखवा.
- सगळा आराखडाच चुकीचा आहे, असं भांडू नका. आपल्या जागेपुरतं बोला.
- किती जणांचा रोजगार आहे ते सांगा आणि पर्याय सुचवा. उदाहरणार्थ, "समोरच्या बाजूला मोकळी जागा आहे, रुंदीकरण तिकडे घ्यावं."

खरं सांगायचं तर, समिती फक्त शिफारस करते. अंतिम मंजुरी शासनाची. पण तुमचं म्हणणं रेकॉर्डवर नसेल, तर पुढे बोलायला आधारच उरत नाही.

पायरी ४ : नियमात सवलत हवी असेल तर

मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात 2020 पासून एकत्रित बांधकाम नियमावली आहे. खरी अडचण दाखवता आली, तर काही मोजमापांत विशेष परवानगीने सवलत मिळू शकते. पण आरोग्य, आग आणि इमारतीची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. ही सवलत बांधकामाच्या मापांपुरती असते. झोनमध्ये तुमचा धंदाच बसत नसेल, तर तिचा उपयोग नाही. "आधी बांधू, मग बघू" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, नोटीस तुमच्या नावाने येते.

आजचा गृहपाठ

तुमच्या मनातल्या जागेचा सर्व्हे नंबर मिळवा आणि या आठवड्यात झोन दाखल्याचा अर्ज टाका. दाखला हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. मालक घाई करत असेल, तर नम्रपणे सांगा, "दादा, कागद बघतो आणि मग पैसे देतो."

अर्ज करताना कुठे अडलात ते कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या धड्यात!