कपिलाचं दावं

चि. मुक्ता,

काल वहिनीचा फोन आला. तू होस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन मुद्दाम जागतेस आणि डोळा लागला की किंचाळून उठतेस, असं तुझ्या रूमवरच्या मुलीनं तिला कळवलं म्हणे. हे आम्हाला परक्या पोरीकडून कळावं? दादाला अजून सांगितलेलं नाही. कळलं तर तो रात्रीची एसटी धरेल.

स्वप्नात पुराचं पाणीच दिसतं ना? आणि आपली कपिला गाय?

अगं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीनं सगळी बाजारपेठ पोटात घेतली. तुझ्या दहावीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. पाणी कमरेला लागलेलं, आजीला माळ्यावर चढवायचं, त्यात गोठ्यात जाऊन दावं कोण सोडणार होतं? दादाही गेला नाही. त्याला कधी बोल लावलास? मग स्वतःलाच का? तुझ्या रूमवरच्या मुलीची गाय अशी गेली असती, तर ‘तुझ्यामुळे मेली’ असं तिला म्हणाली असतीस? तिला जे म्हणाली असतीस ते स्वतःला म्हण. मोठ्यानं म्हण.

जागून स्वप्न टळत नाही, बाई. दिवसा दाबलेलं रात्री वर येतं. तुझे आजोबा गेले तेव्हा मी परीक्षेला मुंबईत होते. शेवटचं तोंडही पाहिलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते स्वप्नात हाका मारायचे. उशाखाली अडकित्ता ठेवला, मारुतीला तेल घातलं, पण कुणाजवळ रडले नाही. रडायला हवं होतं.

तू एक कर. दिवसाउजेडी ते स्वप्न वहीत लिही, पण शेवट बदलून. दावं सोड, कपिलाला टेकाडावर चढव, तिथे चरू दे. मग रोज दहा-पंधरा मिनिटं तेच डोळ्यांपुढे आण. झोपायच्या तोंडावर नको, संध्याकाळी. खुळेपणा नाही हा, डॉक्टरही करवून घेतात. मध्येच रडू आलं तर येऊ दे. एवढं करूनही जड गेलं तर १४४१६ ला फोन लाव. सरकारी टेलि-मानस आहे, फुकट, मराठीत बोलतात. लाजू नकोस.

फार बोलले का गं? पुराच्या त्या पहाटे मी तुमच्याजवळ नव्हते, म्हणून जीव जास्तच तुटतो. रात्री दचकलीस तर मला फोन कर. तीनला माझी झोप उडालेलीच असते. शनिवारी येते, तुझ्याच खाटेवर आडवी होईन. आजीला काही सांगितलेलं नाही, तरी तिनं तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय. मागचा डबा मात्र परत दे.

तुझी,
आत्या